डाव्या सीटवरून समाजसेवा

१४ सप्टेंबर, रविवार. सकाळी ९

आजपासून रोजनिशी. कारण मी समाजसेवा सुरू करतोय आणि त्याची कुठेतरी नोंद असलेली बरी. लोक विसरतात.

निमित्त कॉल ट्रेविन, क्लबातला जुना सोबती. काल बोल्स क्लबात (हिरवळीवर चेंडू घरंगळवतो तिथे) त्याच्या कोटावर नवा बिल्ला. शंभराव्यांदा रक्त दिलं म्हणून. तासभर सगळे त्याच्याभोवती गोळा. मी अडतीस वर्षं धान्याच्या सायलोवर, म्हणजे गावच्या मोठ्या कोठारावर, वजनकाटा सांभाळला. अख्ख्या वॅराबिन गावाचा गहू माझ्या डोळ्यांखालून गेला, एका किलोची चूक नाही. निवृत्तीला मला चमच्यांचा सेट मिळाला. त्यात एक चमचा कमी होता.

बायकोला सांगितलं, बेव्ह, मी आता समाजासाठी काहीतरी करणार. ती म्हणाली, आधी फाटकाचा खांब सरळ कर, दोनदा गाडी घासलीस. तो खांब मुळातच रस्त्यात आलाय. हे मी तिला चार वेळा सांगितलंय.

१६ सप्टेंबर, मंगळवार

रक्तदानाची बस फुटबॉल मैदानावर आली होती. गेलो. आधी बोटाला सुई टोचून एक थेंब काढतात. हे फॉर्मवर ठळक छापायला हवं. पुढचं नीट आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा पाय उशीवर, हातात ज्यूसचा डबा. नर्स म्हणाली, काही दिलं नाहीत तरी बिस्किट घ्या. दोन घेतली.

विचारांती: रक्त काय, कोणीही देतं. माझ्यासारख्याने अनुभव द्यायला हवा.

१८ सप्टेंबर, गुरुवार

बेव्ह दर गुरुवारी म्हाताऱ्यांना घरपोच जेवण देऊन येते. आज तिला म्हटलं तू बस, मी जातो. अकरा डबे, अकरा घरं. अर्ध्या तासात काम फत्ते.

संध्याकाळी फोनवर फोन. तीन नंबरच्या मिसेस ओडेला दात नाहीत, तिला मटणाचे चॉप गेले. आठ नंबरच्या दांडग्या टेडला वाटलेल्या भाज्यांची लापशी. टेड म्हणाला, डेस, मी आजारी आहे हे मला आधी कळायला हवं होतं.

लोक घरांचे नंबर इतके फिकट का रंगवतात?

२० सप्टेंबर, शनिवार. सकाळी ११

सापडलं!

कम्युनिटी हाउसमधल्या ग्लेनिस मॅकफीने बोलावलं. माझ्या वेळी पोलीस सार्जंटला शेजारी बसवून गावाला एक फेरी मारली की लायसन्स मिळायचं. वाटेत सार्जंटची सिगरेट आणायला थांबलो एवढीच परीक्षा. आता एकविशीच्या आतल्या पोरांना आधी एकशे वीस तास गाडी चालवलेली दाखवावी लागते, त्यातले वीस अंधारातले, आणि शेजारी डावीकडे पक्कं लायसन्सवालं माणूस. प्रत्येक फेरी वहीत लिहायची, मीटरचे आकडे टाकायचे, त्या माणसाने सही करायची. ज्यांच्या घरी गाडीच नाही त्या पोरांनी काय करायचं? त्यांच्यासाठी ग्लेनिसकडे एक पांढरी गाडी आहे. फक्त बाजूला बसणारे कमी पडतात.

म्हणजे बसायचं, बोलायचं आणि सही करायची. मी याच कामासाठी जन्मलोय.

माझी शिकाऊ: पॉ वा. वय वीस. गावात निर्वासित म्हणून आलेल्या कॅरेन मंडळींपैकी. ती आणि आई, दोघी कोंबड्यांच्या पॅकिंग शेडमध्ये कामाला. पोरगी अंगाने एवढीशी, बोलणं त्याहून कमी. तिला कार्डिलच्या हॉस्पिटलात प्रशिक्षणाची जागा मिळालीय. पहिला दिवस २ फेब्रुवारी, सकाळी सातला हजर. कार्डिल इथून बावन्न किलोमीटर आणि बस गुरुवारची एकच. त्या तारखेला लायसन्स नसेल तर जागा यादीतल्या पुढच्या नावाला. तिच्या वहीत चौतीस तास आहेत, मामाने करून दिलेले. मामा नोकरीसाठी दूर गेला. राहिले शहाऐंशी.

मी तिला म्हटलं, काळजी सोड. नाताळच्या आत उरकतो. ती म्हणाली, थँक यू, अंकल. आवाजात कृतज्ञता होती. मला ऐकू आली.

२४ सप्टेंबर, बुधवार

पहिला धडा. तिला आधी चांगलं ड्रायव्हिंग म्हणजे काय ते दिसायला हवं, म्हणून मीच चालवली. दीड तास. ती बाजूला बसून बघत होती. दोनदा डोळे मिटून घेतले, बहुतेक एकाग्रतेसाठी.

वहीत दीड तास लिहिला. बघणं हेही शिक्षणच.

२७ सप्टेंबर, शनिवार

फुटबॉलची फायनल. पॉ वाने मला टेडकडे मॅच बघायला नेलं, तिथेच थांबली आणि परतही आणलं. जाताना बाजूला तिची आई, येताना मी. नाही, चुकलं. जाताना मी, येताना मीच, आई मागे. दोन बिअरनंतर असं होतं. वहीत वीस मिनिटं अधिक वीस मिनिटं.

यातून नवी पद्धत सुचली. उगाच रिकामं फिरण्यात अर्थ नाही, फेरीला हेतू हवा. यादी केली: कोंबड्यांचं खाद्य, हार्डवेअरचं दुकान (शनिवारी दारात सॉसेज भाजतात), बोल्स क्लब, माझी बहीण. बेव्ह म्हणाली, म्हणजे तुला फुकटचा ड्रायव्हर मिळाला. काही लोकांना प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय असते.

५ ऑक्टोबर, रविवार

आज पुन्हा थोडं दाखवायला म्हणून मी चालवली. सायलोच्या चौकात पॉ वा म्हणाली, अंकल, तिथे थांबायची पाटी होती. विचारलं, कुठे? म्हणाली, जिथून आपण आत्ता गेलो तिथे.

नगरपालिकेने पाट्यांचा लाल रंग बदललाय. पूर्वी कसा रसरशीत असायचा. पत्र लिहिणार आहे.

तिच्या आईने डबा पाठवला. आंबट पाला, सुकी मच्छी आणि मिरच्या. बेव्हने दोनदा वाढून घेतलं. मी एक घास खाल्ला आणि अर्धा तास नळाखाली तोंड धरून बसलो. डबा धुऊन परत केला, वर कळवलं की उत्तम होतं. म्हणून आता पुढच्या आठवड्यात दुप्पट येणार आहे.

१८ ऑक्टोबर, शनिवार

आठवड्यात एकच फेरी झाली. सोमवारी माझी बोल्सची मॅच, बुधवारी पाठ धरली, गुरुवारी मूड नव्हता. पॉ वाने दोनदा फोन करून विचारलं, आज? मी म्हटलं, पोरी, घाई म्हणजे अपघात. ती म्हणाली, अंकल, मी घाई करत नाही, फेब्रुवारी करतोय.

उलट बोलते. तरी मी मनाला लावून घेतलं नाही.

ठराव: सोमवारपासून रोज एक तास. म्हणजे रोज.

२७ ऑक्टोबर, सोमवार

ठराव चार दिवस चालला. यात दोष कॅनोलाच्या, म्हणजे इथल्या मोहरीसारख्या पिकाच्या, परागकणांचा. डोळ्यांतून पाणी येतं, सगळं धुरकट दिसतं. हंगाम संपला की जाईल.

८ नोव्हेंबर, शनिवार. रात्री ९

अंधारातला धडा. तिन्हीसांजेला निघालो. कार्डिल रस्त्यावर मी ओरडलो, कांगारू! तिने ब्रेक दाबला. तो कोणाचा तरी पत्रपेटीचा खांब निघाला. माझं एकच म्हणणं, सावध असलेलं बरं.

पुढे चार किलोमीटरवर तिने पुन्हा गच्चकन ब्रेक मारला. मी म्हटलं, उगाच काय? ती म्हणाली, कांगारू. मी म्हटलं, कुठाय? ती म्हणाली, अंकल, तो तुमच्याकडे बघतोय. तुमच्या खिडकीतून.

खरंच होता.

या पोरीची नजर बरी आहे. माझ्या शिकवण्याचा परिणाम दिसू लागलाय.

१५ नोव्हेंबर, शनिवार

जाहीर करायला आनंद होतो की वहीत ब्याऐंशी तास झाले. सव्वीस जानेवारीला, इथल्या राष्ट्रीय दिनी, नगरपालिका 'वर्षाचा नागरिक' निवडते. त्याचा अर्ज आणला. अर्ज दुसऱ्याने भरायचा असतो. बेव्हला वेळ नसतो, म्हणून तिच्या वतीने मीच भरला. 'माझ्या पतीइतका निःस्वार्थी माणूस मी पाहिलेला नाही.' फार लांबवलं नाही. पानभर पुरवणी जोडली.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

अपमान.

ग्लेनिसने वही तपासायला घेतली. म्हणाली, मिस्टर पिकरिंग, यातले एकोणीस तास तुम्ही स्वतः चालवलेले आहेत. म्हटलं, प्रात्यक्षिक. म्हणाली, प्रात्यक्षिक मोजत नाहीत. एकोणीस तास कापले. ब्याऐंशीचे त्रेसष्ट.

मग म्हणाली, आणि हे बघा. बारा तारखेला निघताना मीटर ४८,३८०. पोचताना ४८,३५२. गाडी अठ्ठावीस किलोमीटर उलटी गेली का? मी म्हटलं, मीटर बिघडलाय. ती म्हणाली, मीटर ठीक आहे, मी बघितला. अशा सहा फेऱ्या आहेत. तुम्ही तिनाचे आठ करता आणि आठाचे तीन.

मी! अडतीस वर्षं काट्यावरचे आकडे वाचलेला माणूस!

पॉ वा कोपऱ्यात उभी होती. तिने वही घेतली आणि त्रेसष्टच्या खाली सत्तावन्न लिहिले, उरलेले. मग बोटांवर आठवडे मोजले. मला ते बघवलं नाही. बाहेर जाऊन गाडीचे टायर तपासले.

ग्लेनिसने वर एक नवा नियम काढला: बाजूला बसणाऱ्या सगळ्यांनी डोळे तपासल्याचा दाखला आणायचा. सगळ्यांनी म्हणाली. पण बघत माझ्याकडेच होती.

२ डिसेंबर, मंगळवार

चिडलोय, पण कामाला लागलोय. आता रोज फेरी. सकाळी तिची शिफ्ट सुटली की दीड तास, कधी दोन. कापणीचे ट्रक रस्त्यावर, धूळ, ऊन. पॉ वा शेडमधून थेट येते. हातांना थंडीचे चट्टे आणि बर्फाचा वास. तरी स्टिअरिंगवर बसली की पाठ ताठ.

आज तिला विचारलं, हॉस्पिटलातच का? म्हणाली, छावणीत धाकट्या भावाला ताप आला होता. एक नर्स रोज चालत यायची, दोन तास. भाऊ वाचला. मी म्हटलं, छान. मग गिअरबद्दल बोललो.

१६ डिसेंबर, मंगळवार

डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायला जमलं नाही. मागच्या आठवड्यात त्यांना सुट्टी होती. या आठवड्यात मला. ग्लेनिसचा तिसरा निरोप. बेव्ह म्हणाली, घाबरतोयस का? मी हसलो. मोठ्याने.

२५ डिसेंबर, गुरुवार

एकेचाळीस डिग्री. हॅम, सॅलड आणि पावलोव्हा, म्हणजे साखर-अंड्याच्या फेसाचा केक. पावलोव्हा वितळून बशीत पोहत होता. बेव्हने मला नवा चष्मा दिला, दुकानातला तयार, वाचायचा. लावला. काही फरक नाही. आभार मानले आणि खिशात ठेवला.

८ जानेवारी, गुरुवार

वहीत एकशे सहा. राहिले चौदा. परीक्षेची तारीखही मिळालीय, २८ जानेवारी. मी म्हणालो होतो नाताळच्या आत. महिनाभर इकडेतिकडे.

उद्या अखेर डोळ्यांची तपासणी. ग्लेनिसने मला न विचारता स्वतःच वेळ घेतली.

पूर्वतयारी: आज सहज म्हणून दवाखान्यात जाऊन आलो. तक्ता दाराच्या आतच टांगलाय. नाक लावून शेवटची ओळ पाठ केली. रात्रभर घोकणार.

९ जानेवारी, शुक्रवार. दुपारी ४

त्यांनी तो तक्ता वापरलाच नाही. भिंतीवर स्क्रीन आहे, दर वेळी नवी अक्षरं. मी आपली पाठ केलेली ओळ म्हटली. ती मुलगी, डॉक्टर म्हणे, वय पंचविसाच्या आसपास, म्हणाली, मिस्टर पिकरिंग, मी अजून काही लावलंच नाहीये.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा पिकलेला. दोन वर्षं तरी झाली असतील म्हणाली. ऑपरेशन होईपर्यंत गाडी बंद. आजपासून. लायसन्स खात्याला ती कळवणार आणि मला हातात पत्र. हॉस्पिटलच्या यादीत नंबर लावलाय, सहा महिने लागतील, एखाद्याने रद्द केलं तर लवकर.

घरी बेव्हच्या गाडीतून आलो. सायलोच्या चौकात ती थांबायच्या पाटीशी नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ थांबली.

पत्र ड्रॉवरमध्ये ठेवलंय.

१० जानेवारी, शनिवार. सकाळी ७

शांतपणे विचार केला. 'गाडी चालवू नये' असं लिहिलंय. मी चालवतच नाही. मी बसतो. बसायला डोळे कशाला हवेत? ग्लेनिसला कळवलं तर ती गाडी काढून घेणार, दुसरं माणूस शोधणार, पोरीचे पंधरा दिवस जाणार. तेव्हा तिच्यासाठीच गप्प बसणं योग्य.

उद्या नेहमीप्रमाणे.

११ जानेवारी, रविवार. संध्याकाळी

सगळं लिहितो. निदान इथे तरी.

दुपारी दोनला निघालो. त्रेचाळीस डिग्री. कार्डिल रस्त्यावर चौदा किलोमीटर गेलो, दोन्हीकडे कापलेलं शेत, सावलीला एक झाड नाही. पॉ वा सुंदर चालवत होती. मला एकदम भरून आलं. वाटलं, हिला कळायला हवं आपण हिच्यासाठी काय करतोय. म्हटलं, पोरी, डॉक्टरने मला मनाई केलीय. पत्र दिलंय. तरी बघ, मी आलोच ना?

तिने आरशात बघितलं, इंडिकेटर लावला, गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं, किल्ली काढून माझ्या हातात दिली. एकही गोष्ट विसरली नाही.

मग म्हणाली, अंकल, तुमचं लायसन्स आहे की नाही?

म्हटलं, तसं पाहिलं तर.

म्हणाली, तसं पाहू नका. पोलिसांनी पकडलं तर माझं शिकाऊ लायसन्स जाणार. एकशे सहा तास जाणार. हॉस्पिटल जाणार. तुमचं काय जाणार?

मी किल्ली या हातातून त्या हातात घेतली.

परिस्थिती अशी: ती एकटी चालवू शकत नाही आणि मी तर मुळीच नाही. रस्त्यावर दोन ड्रायव्हर, एक गाडी, भरलेली टाकी, आणि कोणी जागचं हलू शकत नाही. मी सुचवलं, हळूहळू जाऊ, कोण बघतंय? तिने दार उघडलं आणि गाडीच्या सावलीत, जमिनीवर जाऊन बसली. तीही सावली वीतभर.

बेव्हला फोन लावायला निघालो. पॉ वा म्हणाली, त्या चालणार नाहीत. गाडीत ग्लेनिसच्या यादीतलंच माणूस बसू शकतं. यादी समोरच्या कप्प्यात चिकटवलेली. दोनच नावं. मी आणि कॉल ट्रेविन.

मी विचारलं, कॉल कधीपासून यादीत आहे? ती म्हणाली, चार वर्षं झाली. त्यांनी चौघांना लायसन्स मिळवून दिलंय. माझ्या मावसभावालाही.

चार वर्षं! क्लबात एक शब्द नाही. बिल्ला नाही. असा कसा हा माणूस?

वीस मिनिटं मी फोन केला नाही. म्हटलं, एखादा ट्रक येईल. आला आणि गेला. पाणी संपलं. पॉ वाचा चेहरा लाल झाला होता पण तक्रार नाही. शेवटी तीच म्हणाली, अंकल, मी लावते नंबर, बोला तुम्ही.

कॉलला त्याच्या बायकोने गाडीतून आणून सोडलं. तो उतरला, मला पाण्याची बाटली दिली आणि एवढंच म्हणाला, डेस, मागे बस गड्या. मी पुष्कळ टोमण्यांची तयारी केली होती. एकही आला नाही. त्याचा जास्त त्रास झाला.

परतीचे चौदा किलोमीटर मागच्या सीटवर. समोर ती दोघं. कॉल अवाक्षर बोलला नाही, नुसता बसला. आणि ती माझ्या शेजारी असताना चालवायची त्यापेक्षा चांगली चालवत होती. मला धुरकट दिसतं, पण एवढं दिसलं.

मला लाज वाटली. हे एकदाच लिहितो.

१२ जानेवारी, सोमवार

ग्लेनिसकडे स्वतः गेलो, पत्र दिलं. कालची फेरी वहीतून खोडली. ती ओरडली नाही. म्हणाली, उरलेले तास कॉल बघेल. मी म्हटलं, रस्ता, वेळ, पद्धत सगळं मी त्याला लिहून देतो. ती म्हणाली, नको.

१९ जानेवारी, सोमवार

नगरपालिकेतून बेव्हला फोन. तुम्ही अर्ज भरलाय त्याबद्दल दोन प्रश्न आहेत. बेव्ह म्हणाली, कुठला अर्ज? मी त्या वेळी कोंबड्यांकडे होतो. संध्याकाळपर्यंत तिथेच राहिलो.

जेवताना ती म्हणाली, पुरवणी वाचून दाखवली त्यांनी. छान लिहिलंयस. हा माणूस भेटला तर सांग, मला लग्न करायला आवडेल.

अर्ज मागे घेतला.

२६ जानेवारी, सोमवार

वर्षाचा नागरिक: कचरा डेपोवरची डॉट, जी लोकांनी टाकलेल्या सायकली दुरुस्त करून पोरांना देते. मला सायकलींचं काही कळत नाही. लॅमिंग्टन, ते खोबऱ्यात घोळवलेले केक, तीन खाल्ले.

कॉलने सांगितलं, शनिवारी एकशे वीस पूर्ण झाले. मी त्याच्याशी हात मिळवला. बराच वेळ कोपऱ्यात उभा राहिलो, पण मला काही विचारायला कोणी आलं नाही.

२८ जानेवारी, बुधवार. दुपारी १

तिची परीक्षा अकराला होती. दहापासून खिडकीत. रस्त्यावरची प्रत्येक पांढरी गाडी तीच वाटते. त्यातली एक फ्रीज निघाला, टेडच्या ट्रेलरवरचा.

दुपारी ३

पास! बेव्हने फोन घेतला आणि नुसती मान डोलावली. मला तिची मानही नीट दिसली नाही, विचारावं लागलं. मग मी परसात गेलो. माझं तिथे काम होतं.

एकशे वीसातले बरेच तास माझे आहेत. हे कोणी नाकारू शकत नाही. मोजून सांगणार नाही.

२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६

पहाटे गाडीचा आवाज आला. तिच्या आईने आणि मामाने मिळून घेतलेली जुनी हिरवी गाडी, मागे नवशिक्याची लाल 'पी' पाटी. मी पायजम्यावरच फाटकापर्यंत गेलो. हात केला. नंतर कळलं की तो पाववाला होता. ती आधीच गेली होती.

१६ फेब्रुवारी, सोमवार

शुक्रवारी हॉस्पिटलचा फोन आला, कोणीतरी ऑपरेशन रद्द केलं. परवा, बुधवारी, कार्डिलला सकाळी सातला उजवा डोळा. बेव्हला म्हटलं, गाडी धुऊन ठेव. ती म्हणाली, मी येऊ शकते, पण मी येणार नाही. काल पॉ वा येऊन विचारून गेलीय, म्हणाली, मी त्याच वेळी जाते, अंकलना मी नेईन, शिफ्ट सुटली की आणीन. तिला नाही म्हणालास तर बघ.

म्हटलं, मला कोणाचे उपकार नकोत. बेव्ह म्हणाली, मग ती चार महिने तुझ्याकडून काय घेत होती?

१७ फेब्रुवारी, मंगळवार. संध्याकाळी ७

पॉ वा शिफ्टवरून परस्पर इकडे आली. निळा गणवेश, छातीवर नावाची पट्टी. मी पट्टी वाचल्यासारखं केलं.

तिला समजावलं की माझी काळजी नको. मग सांगू लागली, आई म्हणालीय, लायसन्स मिळालं की शेजारी पहिलं कोणाला बसवायचं तर ज्याला खरी गरज आहे त्याला. म्हणून दोन आठवडे बाजूची सीट रिकामीच ठेवलीय. मी म्हटलं, उत्तम विचार, आणि या बाबतीत माझा सल्ला घे. तिला चार नावं दिली. मिसेस ओडे, दात नाहीत. टेड, गुडघा गेलाय. चर्चमागची ती विधवा. बहिणीचा शेजारी, एका पायाचा.

तिने सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, अंकल, मी गावभर विचार केला. तुमच्याइतकं गरजू कोणी नाही.

चेष्टा करत असेल म्हणून मी तिच्याकडे नीट बघायचा प्रयत्न केला. चेहरा धूसर होता. पण आवाजात चेष्टा नव्हती.

म्हटलं, बरं.

पावणेसहाला येणार आहे. मी साडेपाचलाच फाटकाशी उभा राहीन. तिला हॉर्न वाजवायला लागू नये.